टेप तोच, गाणी नवी
लेखमाला : आपली गाडी, आपले हात – लेखांक ८

गेल्या आठवड्यात आपण फ्यूजचा डबा उघडला आणि कुठला फ्यूज कशासाठी असतो ते पाहिलं. त्या माहितीचा पहिला उपयोग आज करायचा आहे. विषय आहे गाडीबरोबर कंपनीतूनच बसून आलेला टेप, मग तो कॅसेटचा असो वा सीडीचा.

जोयडा तालुक्यातल्या आपल्या रामनगरात २००५ ते २०१२ या काळातल्या गाड्या अजून भरपूर धावतात. कुणी बेळगावहून, कुणी गोव्यातून जुनी घेतलेली. इंजिन ठणठणीत, टेपही ठणठणीत, पण त्याला यूएसबी नाही, ब्लूटूथ नाही. गाणी सगळी मोबाइलमध्ये. लोंढ्याला किंवा खानापूरला जायचं तर ठीक, पण तिनईघाट ओलांडून अनमोडच्या जंगलात शिरलं की नेटवर्क येतं-जातं, त्यामुळे ऑनलाइन गाण्यांचा भरवसा नाही. गाणी फोनमध्ये किंवा पेनड्राइव्हवर उतरवून घ्यायची आणि ती या जुन्या टेपमधून वाजवायची, एवढीच गरज. दुकानात विचारलं की हमखास एकच उत्तर मिळतं : "हा टेप काढून टाका, स्क्रीनवाला बसवू."

माझं मत याच्या अगदी उलट आहे. कंपनीचा टेप चालू असेल तर तो काढू नका, आणि त्याची एकही वायर कापू नका. बाहेरून गाणं आत नेणारा अडॅप्टर मिळतो, तो स्वतः बसवता येतो, आणि नको झाला तर गाडी होती तशी परत करता येते.

टेप ठेवा म्हणतो त्याला कारण आहे. कंपनीचा टेप त्या गाडीच्या अँटेनासाठी, स्पीकरसाठी आणि डॅशबोर्डच्या मापासाठी बनवलेला असतो. त्यात मीडियम वेव्ह असते. धारवाड आकाशवाणीचं ७६५ किलोहर्ट्झ आणि पणजीचं १२८७ किलोहर्ट्झ आपल्या भागातल्या घरांत आणि गाड्यांत वर्षानुवर्षं लागत आलं आहे. स्वस्तातल्या स्क्रीनवाल्या टेपांपैकी पुष्कळांत मीडियम वेव्हच नसते. आणि ते बसवताना मूळ कप्लर कापून उघड्या वायरी पिळून जोडल्या, तर खरा त्रास पावसाळ्यात सुरू होतो.

जोयडा तालुक्यातला पाऊस मी कुणाला सांगायला नको. पिळून वर चिकटपट्टी गुंडाळलेला सांधा उन्हाळ्यात डॅशबोर्डमागच्या उष्णतेने सैल होतो, पट्टीचा गोंद वितळून बाहेर येतो. जूनमध्ये दमट हवा आत शिरते आणि तांब्याच्या तारांवर हिरवट थर चढतो. असा सांधा सोडवून पाहा : बाहेरून काळी पट्टी शाबूत, आत मात्र तारा ठिसूळ झालेल्या, बोटाने चोळलं की भुगा पडतो. मग एका बाजूचा स्पीकर बंद होतो, खड्ड्यात चाक गेलं की परत लागतो. दोष टेपचा नसतो, त्या सांध्याचा असतो. म्हणून आपल्या कामात कापाकापी नाही.

आता गाणं आत न्यायचे रस्ते. सगळ्यात स्वस्त एफएम ट्रान्समीटर. लायटरच्या भोकात खोचायचा; तो फोनवरचं गाणं एफएमच्या एखाद्या फ्रीक्वेन्सीवर सोडतो आणि टेप ते रेडिओ म्हणून पकडतो. बसवायला काही लागत नाही. रामनगरच्या आसपास एफएमची गर्दी कमी, म्हणून इथे तो बरा वाजतो. पण मोले मागे टाकून फोंड्याकडे लागलात की पणजीची केंद्रं जोर धरतात. ९१.९, ९२.७, ९८.३, १०५.४ या जागा तिथे आधीच भरलेल्या आहेत. ट्रान्समीटर यांच्यापैकी एकीवर लावलेला असेल तर तुमच्या अभंगात जाहिरात घुसते. शिवाय एफएमवरून आवाजाचा वरचा, बारीक भाग पंधरा किलोहर्ट्झच्या पुढे जातच नाही. तात्पुरती सोय म्हणून ठीक, कायमची म्हणून नाही.

कॅसेटचा टेप असेल तर कॅसेट अडॅप्टर. कॅसेटच्या आकाराची एक डबी, तिच्यातून निघालेली वायर फोनला. डबीत फीत नसते. टेपचं हेड जिथे फितीला टेकतं तिथे उलट बाजूने एक छोटं हेड बसवलेलं असतं, आणि ते चुंबकीय रूपाने गाणं पलीकडे देतं. एफएमपेक्षा आवाज चांगला. ऑटो रिव्हर्सचे काही टेप ही डबी आत टिकू देत नाहीत, त्यामुळे विकत घेण्याआधी आपल्याच गाडीत लावून पाहावी. फोनला गोल जॅक नसेल तर मधे ब्लूटूथ रिसीव्हर लावता येतो.

टेपच्या तोंडावर 'ऑक्स' लिहिलेलं साडेतीन मिलिमीटरचं भोक असेल तर प्रश्नच मिटला. एक वायर किंवा ब्लूटूथ रिसीव्हर घ्या आणि हा लेख इथेच ठेवा.

खरी गंमत चौथ्या रस्त्यात आहे, आणि तो बऱ्याच गाडीमालकांना माहीत नसतो. त्या काळातल्या अनेक टेपांना मागच्या बाजूला सीडी चेंजरसाठी वेगळं सॉकेट दिलेलं असे. डिकीत किंवा सीटखाली सहा सीडींचा डबा बसवायचा आणि पुढून बटणं दाबायची, अशी ती व्यवस्था. डबा महाग, म्हणून बहुतेकांनी घेतला नाही. सॉकेट मात्र मागे रिकामं राहिलं. टोयोटा, होंडा, स्कोडा, फोक्सवॅगन यांच्या कित्येक टेपांना ते असतं, फक्त प्रत्येकाच्या पिनांची मांडणी निराळी. स्वस्त गाड्यांच्या टेपांना ते बहुधा नसतं.

या सॉकेटमधून दोन गोष्टी जातात-येतात. डाव्या-उजव्या आवाजाच्या वायरी वेगळ्या, आणि टेप व डबा यांच्या बोलण्याची वायर वेगळी. टेप विचारतो, डबा जोडलेला आहे का, कितवी सीडी, कितवं गाणं. उत्तर आलं तरच तो आवाजाची वाट उघडतो. म्हणून नुसता जॅक आणून आवाजाच्या पिनांना जोडला तर काहीच ऐकू येत नाही आणि माणूस टेप बिघडला असं समजतो. अडॅप्टर हेच उत्तर देण्याचं काम करतो. तो टेपला सांगत राहतो की मी सहा सीडींचा डबा आहे, दुसऱ्या सीडीवरचं पाचवं गाणं चालू आहे. प्रत्यक्षात गाणं पेनड्राइव्हवरून किंवा फोनवरून येत असतं. टेपचं 'पुढचं गाणं' हे बटण दाबलं की तोच हुकूम अडॅप्टर पेनड्राइव्हला लावतो. स्टिअरिंगवर बटणं असतील तर तीही चालतात. बीएमडब्ल्यूने २००४ मध्ये आपल्या गाड्यांसाठी आयपॉडचा अडॅप्टर काढला, तो याच युक्तीवर चालत होता.

सहा सीडींचं सोंग घ्यायचं असल्याने पेनड्राइव्हची मांडणीही तशीच लागते. बऱ्याच अडॅप्टरांत सीडी०१ ते सीडी०६ अशा नावांचे फोल्डर करावे लागतात, नावातली 'सीडी' ही अक्षरं इंग्रजीत. एका फोल्डरमध्ये ९९ पर्यंत गाणी. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट केलेला हवा. एकात भजनं, एकात नाट्यगीतं, एकात मुलांची गाणी असं लावून ठेवलं की स्क्रीनकडे न बघता हवं ते सापडतं. घाटातल्या वळणांवर याला मोल आहे. गाडी चालवताना हातात फोन घेणं हा २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या कलम १८४ खाली धोकादायक गाडी चालवण्याचा गुन्हा आहे, आणि पहिल्या वेळीच एक ते पाच हजार रुपये दंड किंवा कैदही होऊ शकते.

आता प्रत्यक्ष काम. आधी अडॅप्टर विकत घेऊ नका. टेप बाहेर काढून मागचं सॉकेट बघा, फोटो घ्या, टेपवरच्या लेबलावरचा मॉडेल नंबर टिपा, आणि मग त्याच नंबरसाठीचा अडॅप्टर मागवा. गाडीचं नाव सांगून मागवलं तर चुकीचा येण्याची शक्यता मोठी, कारण एकाच गाडीत वर्षागणिक टेप बदललेले असतात. बेळगावचं दुकान साठेक किलोमीटरवर. बदलायला परत जायचं म्हणजे दिवस मोडला.

बॅटरी सोडवण्याआधी एक गोष्ट नक्की करा : टेपला कोड आहे का ते बघा. होंडा, स्कोडा, फोक्सवॅगन यांच्या पुष्कळ टेपांना वीज तुटली की चोरीपासून बचावाचा कोड लागतो. तो गाडीच्या पुस्तकाबरोबरच्या कार्डावर असतो. जुनी गाडी घेताना ते कार्ड मागून घेतलं नसेल तर आधी मिळवा, मग पान्याला हात लावा.

किल्ली काढून घ्या. दहाच्या पान्याने बॅटरीची निगेटिव्ह वायर आधी सोडवा. परत जोडताना ती शेवटी जोडायची. गाडीत एअरबॅग असेल तर त्यानंतर पाच-दहा मिनिटं थांबा, त्याच्या सर्किटमध्ये वीज साठलेली असते. १ जुलै २०१९ नंतर बनलेल्या प्रत्येक कारमध्ये चालकाची एअरबॅग आहेच, आधीच्या गाड्यांत 'एसआरएस' ही अक्षरं शोधा. एअरबॅगच्या पिवळ्या कप्लरला अजिबात हात लावायचा नाही.

टेपभोवतीची प्लॅस्टिकची चौकट क्लिपांवर बसलेली असते. लोखंडी पेचकस घालू नका, कायमचा ओरखडा पडतो. प्लॅस्टिकची पातळ पट्टी कापडात गुंडाळून खालच्या कोपऱ्यात सारा आणि हळूहळू उचला. क्लिपा टक टक करत सुटतात. थंडीच्या सकाळी हे काम नको. प्लॅस्टिक कडक असतं आणि क्लिप मोडते. चौकटीमागे बहुधा चार स्क्रू. जर्मन पद्धतीच्या गाड्यांत स्क्रू नसतात, टेपच्या दोन बाजूंच्या फटींत खास किल्ल्या घालून तो ओढायचा असतो. एकमजली टेपचं तोंड साधारण १८० बाय ५० मिलिमीटर, दुमजलीचं १८० बाय १००.

टेप पुढे आला की अँटेनाची पिन धरून काढा, वायरीला धरून नाही. रिकामं चेंजर सॉकेट दिसलं तर अडॅप्टरचा कप्लर त्यात बसवा, 'कट' आवाज येईपर्यंत. बहुतेक अडॅप्टरांना वीज त्याच सॉकेटमधून मिळते, म्हणजे काम संपलंच.

काही अडॅप्टरांना आणि ब्लूटूथ रिसीव्हरना वेगळी वीज लागते, आणि तिथे माणसं चुकतात. टेपला दोन पॉझिटिव्ह येतात : एक कायम चालू, ज्यावर घड्याळ आणि केंद्रांची आठवण टिकते, दुसरा किल्ली फिरवल्यावर येणारा. अडॅप्टर दुसऱ्यावरच हवा. कायमच्या पॉझिटिव्हवर पन्नास मिलिअँपिअर खाणारा अडॅप्टर जोडला तर रोज १.२ अँपिअर-तास जातात. लहान पेट्रोल गाडीची बॅटरी पस्तीस अँपिअर-तासांच्या आसपास असते. गाडी पंधरवडाभर उभी राहिली तर निम्मी बॅटरी रिकामी. बाजारातल्या टेपांत कायमची वायर पिवळी आणि किल्लीची लाल असते, पण कंपनीच्या वायरिंगमध्ये रंगांवर विसंबू नका. या तपासणीपुरती बॅटरी जोडून घ्या, मल्टिमीटर लावून किल्ली फिरवून बघा, आणि जोडण्याआधी परत सोडवा. वायर कापायची नाही. मधे बसणारा तयार हार्नेस मिळतो, तो टेप आणि मूळ कप्लर यांच्यामध्ये लावून त्यातून वीज घ्या, आणि अडॅप्टरच्या वाटेत एक अँपिअरचा फ्यूज घाला. रिसीव्हरला पाच व्होल्ट लागत असतील तर बारा व्होल्टचे पाच करणारा छोटा कन्व्हर्टर मधे हवा.

स्पीकरच्या वायरींबद्दल एक सक्त सूचना. स्पीकरची निगेटिव्ह म्हणजे अर्थिंग नव्हे. या टेपांत स्पीकरच्या दोन्ही वायरींवर अँप्लिफायरचा आवाज असतो. त्यातली एकही बॉडीला लागली तर आतली चिप जळू शकते.

सगळं जोडून झाल्यावर टेप आत ढकलण्याआधी बॅटरी लावा आणि वाजवून बघा. इंजिन बंद असताना आवाज स्वच्छ, पण चालू केल्यावर 'कुंई' असा सूर येतो आणि अॅक्सिलरेटरबरोबर चढतो, असं झालं तर घाबरू नका. फोन लायटरच्या चार्जरवर आणि गाणं वायरने टेपला, असं असलं की अर्थिंग दोन ठिकाणांहून होतं. त्या दोन जागांमध्ये किंचित व्होल्टेजचा फरक असतो आणि आल्टरनेटरची लहर त्यावरून गाण्यात शिरते. चार्जर काढून बघा. सूर थांबला तर निदान पक्कं. अडॅप्टरची वीज आणि अर्थिंग दोन्ही टेपच्याच वायरिंगमधून घ्या. तरी राहिला तर वायरीच्या मधे ग्राउंड लूप आयसोलेटर लावा. त्यात दोन छोटे ट्रान्सफॉर्मर असतात, गाणं पुढे जातं आणि तांब्याची सलग वाट तुटते.

शेवटी अडॅप्टरची डबी ग्लोव्हबॉक्सच्या मागे फोममध्ये गुंडाळून टायने बांधा. सैल ठेवली तर रामनगर-जगलबेट रस्त्यावर ती डॅशबोर्डच्या आत खडखडत राहील. वायरी हीटरच्या पाइपपासून आणि स्टिअरिंगच्या दांड्यापासून दूर ठेवा.

टेप सोडवून मागे कुठलं सॉकेट आहे ते पाहिलंत की त्याचा स्वच्छ फोटो मोबाइलमध्ये जपून ठेवा. दुकानदाराला तोच दाखवा आणि "याच्यासाठीचा द्या" एवढंच सांगा. पुढच्या लेखांकात वायपर आणि काचेचं पाणी घेऊ. ते काम पावसाच्या आत उरकायचं आहे, तेव्हा तोवर वायपरचं रबर एकदा बोटाने चाचपून ठेवा.