हिचा पाय कुठं टेकलाय?

गगनबावड्याचा पाऊस जूनमध्ये लागतो आणि गणपती गेले तरी हटत नाही. कोल्हापूर जिल्ह्यात सर्वांत जास्त पाऊस आमच्याच तालुक्यात पडतो. गगनगड धुक्यात गेला की करूळ आणि भुईबावडा हे दोन्ही घाट दिसेनासे होतात आणि कोल्हापूरहून पंचावन्न किलोमीटर चढून येणारी एस.टी. तेवढी बाहेरच्या जगाची खूण उरते. माझ्या लहानपणी त्या एस.टी.तून मामा यायचा आणि येताना कोल्हापुरातल्या रद्दीच्या दुकानातून 'इंद्रजाल कॉमिक्स'चा गठ्ठा आणायचा. वेताळ, मँड्रेक, बहादूर. पावसाळाभर मी ती चित्रं पाटीवर आणि वहीच्या मागच्या पानांवर उतरवत बसायचे.

वेताळाच्या सुरुवातीच्या गोष्टींतच, १९३६ च्या सुमारास, विमानातून लूट करणाऱ्या बायकांची एक टोळी येते. डायना पामर तर पहिल्यापासून आहे. मला या बायका फार आवडायच्या, कारण त्या कुठंतरी निघालेल्या असायच्या. एका संध्याकाळी आई लावणीहून परतली. चिखलाचे पाय धुऊन, काष्टा सोडून ती चुलीपुढं बसली आणि मी काढलेली एक नायिका तिनं हातात घेतली. बराच वेळ बघितली आणि म्हणाली, "ही पडंल की गं! हिचा पाय कुठं टेकलाय?"

मी पाय काढलेच नव्हते. कागद संपला होता.

आज मी चित्रकला शिकवते. मानवाकृती शिकवताना एक गोष्ट दरवर्षी दिसते. मुलं चेहऱ्यापासून सुरुवात करतात, मग केस, मग खांदे, आणि पायांपर्यंत येईतो कागद संपतो. त्यात मुलांचा दोष नाही. पण ज्या चित्रांवरून ती शिकतात, त्यांत पुरुषाचे पाय भक्कम रोवलेले असतात आणि बाईचे पाय खाली निमुळते होत टोकाला विरतात, हे मला या मुलांच्या वह्यांनीच दाखवलं. आईचा प्रश्न तेव्हापासून मनात आहे. सुपरहीरोंच्या चित्रकथांतल्या स्त्रियांबद्दल जगभर जो वाद चालतो तो बहुतेक कपड्यांवर येऊन अडतो. किती कमी, किती तंग. मला तो प्रश्न पायांपासून विचारायचा आहे.

चित्रकार माणूस डोक्यानं मोजतात. साधा माणूस साडेसात डोकी उंच, आदर्श आकृती आठ. स्टॅन ली आणि जॉन बुसेमा यांनी १९७८ मध्ये मार्व्हलच्या पद्धतीनं चित्रकथा कशा काढाव्यात याचं जे पुस्तक केलं, ते पुढं कितीतरी होतकरू चित्रकारांच्या हाती गेलं. त्यात नायकाची उंची पावणेनऊ डोकी सांगितली आहे. त्याच पुस्तकात बाईबद्दल सूचना अशी की ती दुबळी नसली तरी तिचे स्नायू ठळक दाखवायचे नाहीत, रेषा मऊ ठेवायची. मी हे वाचलं तेव्हा थांबले. जी बाई गोष्टीत मोटार उचलते, तिच्या दंडात ती मोटार उचलणारा स्नायूच काढायचा नाही. गोष्ट तिला ताकद देते आणि रेषा ती काढून घेते. माझ्या मते अन्याय इथं सुरू होतो. उघडं अंग ही त्याच्या पुढची पायरी.

सुरुवात अशी नव्हती, असं म्हणावंसं वाटतं. वंडर वुमन १९४१ च्या अखेरीस आली. तिचा जनक विल्यम मार्स्टन हा मानसशास्त्रज्ञ. स्त्रीच्या हाती सत्ता यावी असं म्हणणारा. एच. जी. पीटर यांनी तिला धट्टीकट्टी काढली, धावणारी, उडी मारणारी. पण त्याच अंकांत ती पुन्हा पुन्हा दोरखंडांनी, साखळदंडांनी बांधलेलीही आहे. बंधनं तोडायची तर आधी ती दिसली पाहिजेत, हे मार्स्टन यांच्या बाजूनं म्हणता येतं. पण बांधलेल्या बाईचं चित्र बघणाऱ्याच्या मनात काय उमटतं, हे लेखकाच्या हेतूवर थोडंच अवलंबून असतं? १९४८ मध्ये मॅट बेकर यांनी 'फँटम लेडी'चं एक मुखपृष्ठ काढलं. त्यातही दोऱ्या आहेत आणि त्या तोडण्याची घाई कुणालाच नाही. फ्रेडरिक वर्थम या मनोविकारतज्ज्ञानं १९५४ च्या आपल्या पुस्तकात ते पुरावा म्हणून छापलं. त्याच वर्षी अमेरिकेतल्या प्रकाशकांनी स्वतःवर आचारसंहिता घालून घेतली. स्त्रिया वास्तव काढाव्यात, शरीराची अतिशयोक्ती करू नये, असं एक कलम त्यात होतं. त्या संहितेनं पुष्कळ चांगल्या गोष्टींचाही गळा दाबला, पण हे कलम कुणीतरी लिहिलं होतं हे लक्षात ठेवावं. संहितेचा धाक ओसरला तशी, विशेषतः १९९० नंतर, कंबर मुठीत मावेल अशी झाली आणि पाठीचा कणा दोरीसारखा पिळला जाऊ लागला.

१९९४ मध्ये ग्रीन लँटर्न या नायकाच्या मैत्रिणीला मारून तिचं प्रेत फ्रिजमध्ये ठेवल्याचा प्रसंग आला. नायकाला सूड घेण्याचं निमित्त हवं, एवढंच तिचं काम. पाच वर्षांनी गेल सिमोन यांनी अशा मारल्या गेलेल्या, जायबंदी झालेल्या, शक्ती गमावलेल्या नायिकांची यादी केली. ती यादी लांबतच गेली. पुढं त्या स्वतःच वंडर वुमन लिहू लागल्या.

मला जास्त भावली ती २०१२ मधली चित्रकारांची युक्ती. नायिका ज्या अवस्थेत उभी असते, त्याच अवस्थेत हॉकआय या पुरुष नायकाला काढायचं. कंबर मोडलेली, छाती आणि पार्श्वभाग एकाच वेळी बघणाऱ्याकडं वळलेले. चित्र बघताक्षणी कळतं की असं उभं राहून धनुष्य ओढता येत नाही. मी घरी आरशासमोर करून पाहिलं. कंबर वळली नाही आणि एक पाय हवेत राहिला. आई बरोबर होती.

२०१६ च्या ऑक्टोबरमध्ये संयुक्त राष्ट्रांनी वंडर वुमनला स्त्रियांच्या सबलीकरणाची मानद दूत नेमलं. समारंभातच तिथल्या काही कर्मचाऱ्यांनी पाठ फिरवून मूक निषेध केला. जवळपास ४५ हजार लोकांनी विरोधाच्या अर्जावर सह्या केल्या आणि डिसेंबरमध्ये ती नेमणूक संपली. काहींना यात अतिरेक दिसला. मला त्या पाठी फिरवणाऱ्या बायका समजतात. जिवंत बाई त्या पदासाठी मिळाली नाही का, हा त्यांचा सवाल होता.

हे सगळं परदेशातलं म्हणून बाजूला ठेवता येत नाही, कारण आपल्या हातांनीही हेच काढलं आहे. १९६७ मध्ये अनंत पै यांनी मुंबईत 'अमर चित्र कथा' सुरू केली. तिचे कितीतरी खांब मराठी होते: राम वाईरकर, प्रताप मुळीक, दिलीप कदम. मुळीकांच्या रेषेचा मला लोभ आहे. वस्त्राची चुणी आणि घोड्याची मान काढावी तर त्यांनीच. १९८६ मध्ये दिल्लीच्या राज कॉमिक्सचा 'नागराज' आला तोही मुळीकांच्याच हातून. हिंदी असूनही तो आमच्या एस.टी. स्टँडपर्यंत पोहोचला. पुराणातल्या स्त्रिया आणि सुपरहीरो यांच्यात आपण समजतो तेवढी भिंत नाही, हे या एका चित्रकाराच्या कामावरून कळतं.

अमर चित्र कथेतल्या अप्सरा, राजकन्या, ऋषिकन्या रविवर्म्याच्या छापील चित्रांतून आणि कॅलेंडरांतून आल्या. तंग चोळी, उघडं पोट, झुकलेली मान. राक्षसी असेल तर आणखी उघडी. सती असेल तर शेवटच्या पानावर ज्वाळांत. नंदिनी चंद्र आणि कार्लाइन मॅक्लेन या अभ्यासकांनी या चित्रकथांवर पुस्तकं लिहून त्यांची नीट उकल केली आहे. तिथंही मला एक चित्र वेगळं दिसतं. झाशीच्या राणीचा अंक हेमा जोशी यांनी काढला. त्यातली राणी घोड्यावर बसते तेव्हा खरोखर बसते. चित्रकार बाई असली की चित्र सुधारतंच असं मी म्हणणार नाही, पण त्या अंकात मला पहिल्यांदा बाईचं वजन दिसलं.

इथं एक आक्षेप येतो, आणि तो जाणती माणसंही घेतात. आपल्या देवळांवर काय आहे? खिद्रापूरच्या कोपेश्वराच्या भिंतींवरच्या, अंबाबाईच्या देवळावरच्या सुरसुंदरी पाहा, त्या कुठं अंग झाकून उभ्या आहेत? खरं आहे. मी मुलांना खिद्रापूरला नेते तेव्हा त्या मूर्ती टाळून पुढं जात नाही. पण तिथं थांबून बघावं. आरशात बघणारी, पायातला काटा काढणारी, नाचणारी, अशा त्या सुरसुंदरी असतात. काटा काढणारीचा सगळा भार दुसऱ्या पायावर उतरलेला असतो आणि शिल्पकारानं तो कमरेच्या कलात पकडलेला असतो. तिचं लक्ष काट्याकडं आहे.

आणि देवळापर्यंत तरी कशाला जायचं? आषाढात आमच्या खाचरांत लावणी चालते तेव्हा बायकांची लुगडी गुडघ्याच्या वर खोचलेली असतात. डोक्यावर इरलं, पोटऱ्यांपर्यंत चिखल. तिथं उघडा पाय कामाचा असतो. चित्रकथेतला उघडा पाय बघणाऱ्याचा असतो. कपड्याची लांबी मोजणाऱ्यांना हा फरक दिसत नाही. म्हणून ते एकतर सगळं झाकायला निघतात, नाहीतर सगळ्याला कला म्हणतात.

ज्या दिवाळी अंकात हे लिहिते आहे, त्याच्या घराण्यालाही हे लागू आहे. दीनानाथ दलालांच्या, रघुवीर मुळगावकरांच्या मुखपृष्ठांवरच्या सुंदऱ्यांवर दोन पिढ्या पोसल्या. 'आवाज'च्या खिडकीचित्रांत कापलेल्या पानाच्या भोकातून एक दिसायचं आणि पान उलटलं की भलतंच निघायचं. घरातली मोठी माणसं हसायची. त्या खिडकीत बाईचा एकच तुकडा दिसायचा, बाकीची बाई पान उलटेपर्यंत नसायचीच. सुपरहीरोंच्या चौकटींतही अनेकदा तेच होतं.

बदल होतो आहे. मार्व्हलची कमला खान २०१४ मध्ये स्वतःच्या अंकात आली ती पूर्ण कपड्यांत आणि शाळकरी मुलीच्या शरीरात. त्याच वर्षी आपल्याकडं 'प्रियाज शक्ती'मधली प्रिया आली. बलात्कारातून वाचलेली, वाघावर बसणारी. दिल्लीतल्या २०१२ च्या सामूहिक बलात्काराच्या घटनेनंतर ती जन्मली. तिच्यावर जे गुदरलं त्याला चित्रात चवीची जागा मिळालेली नाही, म्हणून मी ती मोठ्या मुलींना दाखवते.

आमच्या मुलींना मात्र नायिका बाहेरून आणायची गरज नाही. बावडा ही पंत अमात्यांची जहागीर. रामचंद्रपंत अमात्य, ज्यांनी आज्ञापत्र लिहिलं, ते राजाराम महाराज जिंजीला असताना इकडचा कारभार सांभाळत होते. १७०० मध्ये महाराज गेले. त्यांच्या राणी ताराबाई तेव्हा पंचवीस वर्षांच्या होत्या. पुढची सात वर्षं, औरंगजेब मरेपर्यंत, मराठ्यांची लढाई त्यांनी चालवली. किल्ले जात होते, परत येत होते, फौजा माळव्यापर्यंत पोहोचत होत्या. अशा बाईला अंगात बळ आहे हे दाखवायला कुठल्या किरणाची गरज आहे?

कोल्हापुरात कावळा नाक्यावर त्यांचा अश्वारूढ पुतळा आहे. घोडा मागच्या दोन पायांवर उभा, पुढचे दोन्ही पाय हवेत. गेल्या हिवाळ्यात मी मुलांना तिथं रेखाटनाला नेलं. बहुतेकांनी नेहमीसारखी चेहऱ्यापासून सुरुवात केली आणि कागद घोड्याच्या पोटाशी संपला. आठवीतली एक मुलगी मात्र बराच वेळ नुसती चौथऱ्याकडं बघत बसली आणि मग तिनं खुरांपासून काढायला घेतलं. मागचे पाय, मांड्या, खोगीर, वर वर. ताराराणींच्या खांद्यापाशी तिचा कागद संपला. तिनं माझ्याकडं चिकटपट्टी मागितली, वरून दुसरा कागद जोडला आणि पुढं काढू लागली.