चिंतामणराव देशमुखांविषयीचे काही प्रवाद

रिझर्व्ह बँकेचे पहिले गव्हर्नर आणि स्वतंत्र भारताचे पहिले अर्थमंत्री म्हणजे चिंतामणराव देशमुख, असे आपल्याकडे मोठ्या अभिमानाने सांगितले जाते. वस्तुतः बँकेचे पहिले गव्हर्नर सर ऑस्बोर्न स्मिथ आणि दुसरे सर जेम्स टेलर होते. टेलर १९४३ साली पदावर असतानाच निवर्तले, तेव्हा त्या हुद्द्यावर आलेले देशमुख क्रमाने तिसरे, परंतु पहिले हिंदी गृहस्थ होत. अर्थखातेही त्यांच्याकडे १९५० साली षण्मुखम् चेट्टी व जॉन मथाई यांच्यामागूनच आले. हा क्रमांकाचा घोळ निरुपद्रवी म्हणून सोडून देता येईल.

मुलकी सेवा ही कायदा आणि इतिहास घोकणाऱ्यांची मिरास आहे, या समजुतीलाही त्यांच्या विद्यार्थिदशेत आधार सापडत नाही. १९१२ साली मॅट्रिकला जगन्नाथ शंकरशेट संस्कृत शिष्यवृत्ती मिळविणारा हा मुलगा केंब्रिजला वनस्पतिशास्त्रात रमला, निसर्गविज्ञानात पदवीधर झाला, आणि १९१८ च्या आय. सी. एस. परीक्षेत पहिला येऊन मध्यप्रांत-वऱ्हाडात जमाबंदीच्या कामाला लागला.

अधिक खोल रुजलेला प्रवाद राजीनाम्यासंबंधीचा आहे. मुंबई महाराष्ट्राला मिळत नाही म्हणून त्यांनी १९५६ साली अर्थमंत्रिपद सोडले, हे खरे, पण ते अर्धेच. त्या वर्षीच्या जुलैत लोकसभेत केलेल्या निवेदनात, मुंबई केंद्रशासित ठेवण्याचा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न मांडताच जाहीर झाला, हा आक्षेप त्यांनी स्पष्ट शब्दांत नोंदविला होता, आणि मुंबईतील गोळीबाराची चौकशी व्हावी, असाही त्यांचा आग्रह होता. ज्याची हयात टिपणे, मसुदे आणि मंजुरी यांच्या शिस्तीत गेली, त्याला कार्यपद्धतीचा भंग हा निव्वळ तांत्रिक दोष वाटला नाही, यातच त्या माणसाचे मर्म आहे, असे मला वाटते. या राजीनाम्यामुळे मुंबई तत्काळ मिळाली, हे मात्र खरे नव्हे; १ नोव्हेंबर १९५६ रोजी द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले आणि महाराष्ट्रासाठी १ मे १९६० उजाडावा लागला.

परंतु सर्वांत अन्यायकारक प्रवाद पुढचाच. मंत्रिपद गेल्यावर विद्यापीठ अनुदान मंडळाचे अध्यक्षपद म्हणजे एका मातब्बर माणसाची सन्मानाने लावलेली सोय, तिजोरीतून विद्यापीठांना रकमा वाटण्याचे बैठे काम, असे मानणारे सुशिक्षितही भेटतात. १९५६ चा कायदा उघडून पाहिला तर अनुदान हे तेथे साधन ठरते. उच्च शिक्षणाचा समन्वय आणि अध्यापन, परीक्षा व संशोधन यांचा दर्जा ठरविणे व राखणे हे मंडळाचे मुख्य कर्तव्य म्हणून सांगितले आहे. विद्यापीठाची आर्थिक गरज तपासणे, त्याच्याशी विचारविनिमय करून पाहणी करणे, शिफारशीकडे दुर्लक्ष झाल्यास खुलासा मागवून मगच अनुदान रोखणे, अशी ही कामाची रीत. आणि विद्यापीठ स्थापन करण्याचा अधिकार मंडळाला नाहीच, तो कायदेमंडळांचा. एखाद्या संस्थेला विद्यापीठासमान मानायचे तर मंडळाने सल्ला द्यावा आणि केंद्र सरकारने तसे जाहीर करावे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेला हा दर्जा १९५८ साली, म्हणजे देशमुखांच्याच अमदानीत मिळाला. हुकमाची सत्ता तोकडी आणि समजुतीने करून घेण्याचे काम अफाट, असे हे पद होते. अर्थखात्यात मागणी कशी तपासली जाते हे आतून जाणणारा अध्यक्ष तेथे असणे विद्यापीठांच्या किती पथ्यावर पडले असेल, हे ज्यांनी सरकारी दप्तरात अंदाजपत्रकाचा खर्डा अडकलेला पाहिला आहे, त्यांना सांगायला नको.

मॅगसेसे पारितोषिकही त्यांना अर्थकारणासाठी मिळाले, असे समजतात. १९५९ चे ते पारितोषिक शासकीय सेवेच्या विभागातले होते, आणि ते ज्यांच्यासमवेत विभागून मिळाले ते फिलिपाइन्सचे होसे आग्विलार शाळाखात्यातले अधिकारी होते.

पुढे १९६२ ते १९६७ देशमुख दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू होते. ज्यांना वर्गात येऊन बसणे शक्य नव्हते अशांसाठी टपालाने पदवीचा अभ्यास पुरविणारी शाखा त्या विद्यापीठाने १९६२ सालीच सुरू केली.