लालबागची ‘रिनोव्हेटेड’ खोली: टाइल्स नंतर, आधी भाडेपावती बघा

भाग ऐकायला वेळ नसेल किंवा रेंज गेली असेल, तर हे त्याचं लिखित रूप. निवांत वाचा.

आजचा विषय हिर्डोशीच्या एका श्रोत्यामुळे सुचला. भोरहून वरंध घाटाकडे जाताना, नीरा-देवघरच्या पाण्याच्या कडेचं हे गाव. त्यानं व्हॉट्सॲपवर आलेली एक जाहिरात पाठवली. ‘लालबाग. फुल्ली रिनोव्हेटेड स्टुडिओ अपार्टमेंट. 240 स्क्वेअर फूट. रिडेव्हलपमेंट लवकरच.’ खाली फोटो: चकचकीत टाइल्स, पीओपी, मॉड्युलर किचन, वर झोपायला छान पोटमाळा. आणि त्याचा प्रश्न: “दादा, घरचे म्हणतायत जमिनीचा एक तुकडा काढू आणि ही घेऊ. घ्यावी का?”

जमीन विकायची गोष्ट आहे, म्हणून उत्तर दोन ओळींत देता येत नाही. सुरुवातीपासून बघू.

स्टुडिओ म्हणजे आपली चाळीतली खोलीच

आपल्या मावळातून आजोबा-पणजोबा मुंबईला गेले ते गिरणीत, गोदीत, माथाडी कामाला. लालबाग-परळच्या एकेका खोलीत गावचे आठ-दहा जण राहायचे. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला, सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते, आणि त्यानंतर गिरणगाव पहिल्यासारखं राहिलं नाही. फिनिक्स मिलच्या जागी मॉल आला, कमला मिलमध्ये ऑफिसं आली. धुराड्यांच्या जागी टॉवर दिसायला लागले. तीच जुनी खोली आता रंग लावून ‘स्टुडिओ’ म्हणून विकायला निघाली.

विकायला हरकत नाही. पण विकतायत काय, हे कळलं पाहिजे.

पागडी म्हणजे काय? कुळावरून समजून घ्या

यातल्या बऱ्याचशा खोल्या ‘पागडी’च्या असतात. म्हणजे इमारत आणि जमीन घरमालकाची. खोलीत राहणारा हा भाडेकरूच, पण पिढ्यान्‌पिढ्या टिकणारा. 1947 च्या भाडे कायद्यानं मुंबईतली भाडी जवळपास 1940 च्या पातळीवर गोठवली. त्यामुळे भाडं नाममात्र राहिलं आणि खोलीच्या ताब्यालाच किंमत आली. ती किंमत म्हणजे पागडी.

गावाकडे आपल्याला कूळ माहीत असतं. कूळकायद्यानं 1 एप्रिल 1957 हा कृषक दिन ठरला आणि कसणारा कूळ जमिनीचा मालक होऊ शकला. सातबारावर त्याचं नाव आलं. पागडीत तसं झालेलं नाही. पन्नास वर्षं राहिलात तरी तुम्ही भाडेकरूच. म्हणजे पागडीची खोली ‘घेतली’ तर तुम्ही घर विकत घेत नाही, भाडेकरूपणाचा हक्क घेता.

हा व्यवहार बेकायदेशीर आहे का? नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा 1999 मधल्या कलम 56 नुसार भाडेकरूला हक्क सोडण्याचे पैसे घेता येतात, आणि संमती देण्यासाठी घरमालकालाही पैसे घेता येतात. मालकाचा वाटा किती, हे बोलणीत ठरतं. तिसरा हिस्सा असं बऱ्याचदा ऐकू येतं. मालकाची संमती नसेल तर मात्र तुमचे पैसे हवेत. म्हणून पहिला प्रश्न हा: भाडेपावती माझ्या नावावर कधी होणार? ‘नंतर करून घेऊ’ म्हणाले, तर तुम्हीही टोकन नंतरच द्या.

आणखी एक. बँका पागडीच्या खोलीवर सहसा गृहकर्ज देत नाहीत. मग पैसा कुठून येतो? गावच्या जमिनीतून. धोका नेमका इथं आहे: सातबारावरची मालकी जाते आणि हातात येते ती भाड्याची पावती.

240 फूट आले कुठून?

आता जाहिरातीचं गणित. समजा खोली 160 फुटांची आहे आणि पोटमाळा 80 फुटांचा. झाले 240. पण पुनर्विकासात मोजमाप होतं तेव्हा अनधिकृत बांधकाम धरत नाहीत. पोटमाळा परवानगीचा नसेल, तर तुम्ही 240 चे पैसे देऊन 160 च घेतलेत.

दुसरी युक्ती जास्त महागात पडते. एका मोठ्या खोलीत मध्ये भिंत घालायची आणि दोन ‘स्टुडिओ’ करायचे. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींच्या पुनर्विकासात, म्हणजे नियम 33(7) मध्ये, 13 जून 1996 नंतर निर्माण झालेला नवा भाडेकरू धरला जात नाही. जुन्या भाडेकरूचा हक्क तुमच्याकडे आला तर चालतं. पण नंतर पाडलेल्या अर्ध्या खोलीचा स्वतंत्र हक्क मिळेलच, असं समजू नका. त्यामुळे जुन्या पावत्या, 1996 च्या आधीच्या, बघायला मागा.

‘500 फूट मिळणार’ हेही ऐकाल. ते बीडीडी चाळींचं. त्या सरकारी चाळींतल्या 160 फुटांच्या खोलीला 500 फुटांचं घर ठरलं, आणि वरळीत ऑगस्ट 2025 मध्ये पहिल्या 556 कुटुंबांना चाव्याही मिळाल्या. खासगी उपकरप्राप्त इमारतीत किमान हक्क 300 फूट कार्पेटचा आहे. शिवाय ‘लवकरच’ला कायद्यात अर्थ नाही. बिल्डर अर्ध्यात थांबला, की वर्षानुवर्षं संक्रमण शिबिरात काढलेली माणसं याच मुंबईत आहेत.

टाइल्सच्या खाली काय आहे?

जुन्या चाळींचे मजले बहुतेक लाकडी तुळयांवर उभे असतात. त्यावर जाड टाइल्स आणि खोलीतच नवं बाथरूम म्हणजे वजनही वाढलं आणि पाणीही मुरायला लागलं. पीओपीचं छत सुंदर दिसतं, पण कुजलेली तुळई त्याच्यामागेच लपते. म्हणून खोली बघायला पावसाळ्यात जा. खालच्या मजल्यावरच्या काकूंना विचारा, “गळतं का हो?” त्या खरं सांगतील. म्हाडाचं इमारत दुरुस्ती मंडळ दरवर्षी पावसाळ्याआधी अतिधोकादायक इमारतींची यादी जाहीर करतं. त्यात इमारतीचं नाव आहे का, तपासा.

आणि विकणारा कोण?

पावती वडिलांच्या नावावर, वडील वारले, एक भाऊ खोलीत, दोघे गावी. गावाकडे सगळ्यांची वारसनोंद होते. भाड्याच्या खोलीत मात्र मृत्यूच्या वेळी भाडेकरूसोबत राहणाऱ्या कुटुंबीयाचा हक्क आधी येतो, आणि कोण ते एकमतानं ठरलं नाही तर कोर्ट ठरवतं. म्हणजे भावकीचा वाद फक्त बांधावर नसतो, तो लालबागच्या तिसऱ्या मजल्यावरही असतो. सगळ्यांची लेखी संमती घ्या.

मग घ्यावी का?

त्या श्रोत्याला मी एवढंच सांगितलं. मालक करारावर सही करतोय, 1996 च्या आधीची पावती आहे, क्षेत्रफळ पोटमाळा सोडून मोजलंय, वारसांची संमती आहे आणि वकिलानं कागद वाचलेत, तर विचार कर. यातलं एक जरी नसेल, तर जमीन राहू दे. रंग दोन पावसाळ्यांत उडतो, पण विकलेला तुकडा परत मिळत नाही.

घरात असाच विषय चालू असेल तर हा भाग वडिलांना, काकांना पाठवा. आणि तुमच्या घरच्या ‘मुंबईच्या खोली’ची पावती कुणाच्या नावावर आहे, ते आज रात्री जेवताना एकदा विचाराच. भेटू पुढच्या भागात!