तेलाचे परावलंबन : एका गुणोत्तराचा विचार

राष्ट्रीय ऊर्जाधोरणाच्या चर्चेत ‘परावलंबन’ हा शब्द एखाद्या अवस्थेचे नाव असावे तसा योजिला जातो. वस्तुतः तो एका गुणोत्तराचा वाचक आहे : देशात लागणाऱ्या तेलापैकी परदेशी तेल किती? हे ध्यानात न घेतल्याने पुष्कळ घोटाळा होतो.

१९७४ साली मुंबई हायचा शोध लागला, तेव्हा उत्पादनाविषयी मोठी आशा निर्माण झाली. ती अनाठायी नव्हती. परंतु तेलक्षेत्रे जुनी होतात. २०११-१२ मध्ये देशातील कच्च्या तेलाचे उत्पादन सुमारे ३.८ कोटी टन होते. २०२३-२४ मध्ये ते २.९ कोटींवर आले. याच काळात तेलपदार्थांचा खप मात्र सुमारे १५ कोटींवरून २३ कोटी टनांवर गेला. मार्च २०१५ मध्ये ७७ टक्के परावलंबन २०२२ पर्यंत ६७ टक्क्यांवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले होते. प्रत्यक्षात ते ८५ टक्क्यांच्या वर चढले.

इथेनॉलचे कौतुक उसाच्या महाराष्ट्रात अधिक असणे स्वाभाविकच होय. २० टक्के मिश्रणाचा टप्पा २०२५ मध्ये गाठला गेला. तथापि एक लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या सुमारे दोन-तृतीयांशच ऊर्जा असते. शिवाय पेट्रोलचा खप डिझेलच्या निम्म्याहूनही कमी आहे. मालमोटारी आणि ट्रॅक्टर चालतात ते डिझेलवर. रेल्वेने जवळजवळ सर्व ब्रॉडगेज मार्गांचे विद्युतीकरण करून नेमकी हीच डिझेलची बाजू हलकी केली. आमच्या मते हे कार्य इथेनॉलहून कमी महत्त्वाचे नाही. त्याची चर्चा मात्र क्वचितच होते.