परसातली साखरपाण्याची बाटली

आपल्या महाविद्यालयाच्या आवारातील जास्वंदीवर एखादा चिमुकला निळाकाळा पक्षी लोंबकळताना दिसला, की दरवर्षी कोणी ना कोणी विद्यार्थी मला सांगतो, "बाई, हमिंगबर्ड!" तो हमिंगबर्ड नव्हे, तो आपला शिंजीर. हमिंगबर्डच्या साडेतीनशेंहून अधिक जाती आज अस्तित्वात आहेत आणि त्या सगळ्या अमेरिकेच्या दोन्ही खंडांत व आसपासच्या बेटांवर राहतात. भारतात त्यांतली एकही नाही. फुलातला मध हेच दोघांचे मुख्य अन्न, म्हणून चोच लांब आणि रूप सारखे. कुळे मात्र अगदी वेगळी. हे मी वाचले होते. फरक डोळ्यांनी पाहिला तो लेकीच्या बाळंतपणासाठी टेक्सासमध्ये ह्यूस्टनजवळ राहिले तेव्हा, सप्टेंबर-ऑक्टोबरात, तिच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून.

तिकडे पुष्कळ घरांच्या परसात साखरपाण्याची बाटली टांगलेली असते. तिच्या तळाशी लाल बशी आणि बशीला फुलांच्या आकाराची भोके. त्या भोकासमोर पक्षी हवेत स्थिर उभा राहतो. शिंजीर बहुधा फांदीला धरून मध पितो. हमिंगबर्डला बसण्याची गरजच नाही. तो पंख वरखाली न मारता पुढेमागे फिरवतो, इंग्रजी आठाच्या आकड्यासारखे, तेही सेकंदाला सुमारे 50 वेळा. इतर पक्ष्यांचे वजन पंख खाली येतानाच तोलले जाते. हमिंगबर्डचे मात्र सुमारे तीन चतुर्थांश वजन पुढच्या फटक्यावर आणि उरलेले परतीच्या फटक्यावर पेलले जाते, असे 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसून आले. म्हणूनच तो मागेही उडू शकतो. त्या पंखांची गुणगुण खिडकीच्या काचेतूनही ऐकू येई.

आमच्याकडे येत ते 'रूबी-थ्रोटेड', म्हणजे माणिककंठी. वजन सुमारे 3 ग्रॅम. आपले रुपयाचे नाणेही त्याहून जड! नराचा गळा माणकासारखा लाल दिसतो. तो रंग पिसात मुरलेला नसतो, पिसांच्या रचनेवरून प्रकाश परतताना उमटतो. सावलीत तोच गळा काळा पडतो.

पहिल्याच आठवड्यात माझ्या हातून एक चूक होणार होती. बाटली रिकामी झाली होती. पाहुण्याला साधी साखर काय द्यायची, म्हणून मी कोल्हापुरी गूळ पाण्यात विरघळवला. जावयांनी पाहिले आणि म्हणाले, "आई, थांबा. गूळ नको, मधही नको." गुळातले लोह आपल्याला हितकर, पण या पक्ष्यांना अपायकारक. मध पाण्यात कालवला की लवकर आंबतो आणि त्यात बुरशी धरते. प्रमाण साधे आहे: एक वाटी पांढरी साखर, चार वाट्या पाणी. फुलातल्या मधाचा गोडवा साधारण एवढाच असतो. लाल रंग घालू नये. बशी लाल आहे तेवढे पुरे. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी बाटली धुवावी. नुसत्या साखरेवर पक्षी जगतो असेही नाही. अंगात मांस धरण्यासाठी तो बारीक किडे आणि कोळी खातो.

सप्टेंबरच्या मध्यावर बाटलीभोवती अक्षरशः युद्ध पेटले. एक पक्षी बाटलीचा मालक होऊन बसे आणि येणाऱ्या प्रत्येकाला हुसकावून लावी. एवढी हाव कशासाठी? पुढे प्रवास असतो म्हणून. हे पक्षी हिवाळ्यासाठी मेक्सिको व मध्य अमेरिकेत जातात. काही किनाऱ्याच्या कडेने जातात, तर काही मेक्सिकोचे आखात सरळ ओलांडतात: सुमारे 800 किलोमीटर, वाटेत टेकायला जागा नाही. त्यासाठी अंगावर चरबी साठवून वजन जवळजवळ दुप्पट करावे लागते. रात्री ती शिल्लक खर्च होऊ नये म्हणून त्यांच्याजवळ एक युक्ती आहे. शरीर गार पडू द्यायचे, मिनिटाला हजारावर जाणारे हृदयाचे ठोके पन्नासच्या घरात आणायचे आणि पहाटे पुन्हा पेटून उठायचे.

त्या गर्दीतला एक मला ओळखता येऊ लागला. त्याच वर्षी जन्मलेला नर. गळा अजून पांढुरका, डाव्या बाजूला तीन लाल ठिपके तेवढे उमटलेले.

30 सप्टेंबरला शेजारचे वृद्ध गृहस्थ कुंपणापाशी येऊन म्हणाले, "आता बाटली काढा. आयते मिळत राहिले, तर ते जायचेच नाहीत आणि थंडीत मरतील." आम्ही घाबरून त्याच संध्याकाळी बाटली काढली. दुसऱ्या दिवशी सकाळी तीन ठिपकेवाला आला आणि रिकाम्या आकड्यासमोर, बाटली जिथे असायची नेमक्या त्या जागी, हवेत उभा राहिला. दिवसभरात तो पुनःपुन्हा येत राहिला. मला घास गोड लागेना.

रात्री बाळाला मांडीवर घेऊन मी विचार करीत बसले. प्रौढ नर ऑगस्टपासूनच निघून जाऊ लागतात. तेव्हा तर बाटल्या भरलेल्या असतात आणि बागाही फुललेल्या असतात. आयत्या अन्नाने पक्षी अडकत असते, तर आधी तेच अडकले असते! मग पुस्तके चाळली. त्यांतही हेच होते: निघण्याची वेळ ठरते ती मुख्यतः दिवस लहान होण्यावरून, उपजत ओढच ती. बाटली पक्ष्याला थांबवीत नाही, शिदोरी देते. उलट उशिरा निघालेल्या अशक्त पक्ष्याला तिचाच आधार होतो. म्हणून शेवटचा पक्षी दिसल्यावरही दोन आठवडे ती ठेवावी.

आणखी एक गोष्ट वाचून मी थबकले. या पिल्लांना वाट दाखवणारे कोणी नसते. नर पिल्लांकडे ढुंकूनही पाहत नाही. आई दोन पिल्ले एकटी वाढवते आणि नंतर आपल्या वाटेने जाते. कधी न पाहिलेल्या देशाला पिल्लू एकटेच निघते.

उजाडताच मी लेकीला म्हटले, "बाटली लाव बाई परत." ती हसली, पण लावली. तीन ठिपकेवाला आला. पुढचे सात दिवस तो पीत राहिला आणि पोट चांगले गोल झाले. आठव्या दिवशी रात्रीपासून उत्तरेचा वारा सुटला. सकाळी बाटली काठोकाठ भरलेली होती आणि तो नव्हता.

आवारात शिंजीर दिसला, की मी अजूनही मुलांची चूक दुरुस्त करते. मात्र आता वर्गाला पाच मिनिटे उशीर झाला तरी चालतो.