एका बरणीतून समुद्रात

समुद्र म्हटला की शेवाळ आलेच. आमच्या गावच्या खडकांवर पावसाळ्यात इतके शेवाळ येते की पाय ठेवला की माणूस घसरलाच! पण ते इथलेच. खेकडे त्यात लपतात, मासे ते खातात. मी ज्याविषयी लिहीत आहे ते शेवाळ परक्या समुद्रात शिरलेले. त्याचे नाव कॉलर्पा टॅक्सिफोलिया. हे नाव पाठ करायला मला दोन दिवस लागले.

हे शेवाळ हिरव्यागार पिसासारखे सुंदर असते. म्हणून लोक ते माशांच्या काचेच्या पेटीत ठेवत. १९८४ साली युरोपात, मोनॅको नावाच्या चिमुकल्या देशात, तिथल्या समुद्र-संग्रहालयाखाली त्याचा एक ठिपका सापडला. फक्त एक चौरस मीटर. आमच्या वर्गातला फळासुद्धा त्याहून मोठा आहे. तेव्हाच ते सगळे काढून टाकले असते तर बरे झाले असते. पण ते राहिले, आणि २००० सालापर्यंत सहा देशांच्या किनाऱ्यांवर पसरले.

ते एवढे कसे पसरते? गुरुजींनी सांगितले तेव्हा मला खरेच वाटेना. हे लांबच लांब शेवाळ म्हणजे एकच पेशी असते! त्याचा बोटाच्या पेराएवढा तुकडा तुटला तरी तो नवीन ठिकाणी रुजतो. होडीचा नांगर त्यात पडला, जाळे अडकले, की तुकडे निघतात आणि होडीबरोबर पुढच्या बंदरात जातात. त्यात विष असते, म्हणून बहुतेक मासे त्याला तोंड लावत नाहीत. ते समुद्रातले गवत झाकून टाकते. त्याच गवतात माशांची पिल्ले वाढतात.

अमेरिकेत मात्र लोक लगेच जागे झाले. कॅलिफोर्नियात अग्वा हेदिओंदा नावाची खाडी आहे. तिथे जून २००० मध्ये पाणबुड्यांना हे शेवाळ दिसले. १७ दिवसांत काम सुरू झाले. शेवाळावर ताडपत्री अंथरली, कडेने वाळूच्या पिशव्या ठेवल्या आणि आत क्लोरीन सोडले. आपल्या विहिरीत टीसीएल पावडर टाकतात, तिच्यातही क्लोरीनच असते. नुसते उपटले असते तर तुकडे होऊन आणखी पसरले असते. पुढे कितीतरी वर्षे पाणबुडे खाली जाऊन बघत होते. २००६ साली ते संपले असे जाहीर झाले. खर्च ७० लाख डॉलरहून जास्त! २००१ साली तिथे हे शेवाळ विकायला बंदीही झाली.

आता माझी गोष्ट. सांगायला लाज वाटते. मामाने मुंबईहून मला बरणीत दोन मासे आणि एक हिरवी वनस्पती आणून दिली होती. मासे मेले. मी बरणी पऱ्यात ओतली. आजी म्हणाली, "एवढासा झाड ता, काय करतला?" मलाही तसेच वाटले. नंतर गुरुजींनी हा धडा सांगितला आणि माझ्या पोटात गोळा आला. मी गुरुजींना सगळे सांगितले. ते म्हणाले, "ती गोड्या पाण्यातली आहे, पण पऱ्याच्या कोंडीत रुजू शकते." त्याच कोंडीवर आमची गुरे पाणी पितात.

मी आणि दादा लगेच गेलो. हाताने चाचपून सात तुकडे काढले आणि कातळावर उन्हात टाकून कडकडीत वाळवले. आमच्या काकाने आता नांगर आणि जाळे दुसऱ्या बंदरातून निघण्याआधीच झाडायचे ठरवले आहे. पालकांनो, तुमच्या घरी मासे असतील तर त्यांची वनस्पती पाण्यात फेकू नका. उन्हात वाळवून मग खड्ड्यात पुरा.

मी दर रविवारी कोंडीवर जातो. मागच्या रविवारी दगडाखाली आणखी एक तुकडा सापडला. त्याला पांढरी मुळे फुटली होती.