जुन्या स्पॅनिश कागदांतील ‘बेथीनो’

सोळाव्या शतकांतील एका स्पॅनिश खरेदीखताची छापील प्रत वाचीत असतां ‘बेथीनो दे सेविया’ या शब्दांचा अर्थ आम्हीं कोशावरून ‘सेवियाचा शेजारी’ असा केला, व खत करून देणारा इसम शहराबाहेरचा ठरविला. हा आमचा शुद्ध प्रमाद होय. तो इसम त्या शहराचाच हक्कदार रहिवासी होता. उतारवयांत शिकलेल्या भाषेंत अशा ठेचा लागावयाच्याच.

आजच्या बोलण्यांत या शब्दाचा अर्थ शेजारी अथवा रहिवासी एवढाच आहे. मूळ लॅटिन शब्द ‘वीकुस्’, म्हणजे वस्ती. तिच्यांतला तो ‘वीकीनुस्’. वेदांतील ‘विश्’ याच कुळांतला. ‘विश्पति’ व ‘वैश्य’ यांत तोच आहे.

कास्तिलच्या जुन्या कागदांत मात्र बेथीनो म्हणजे गांवांत घर मांडून राहिलेला, गांवच्या जबाबदाऱ्यांचा वांटा उचलणारा, आणि त्याबद्दल गांवचें कुरण व रान वापरण्याचा आणि गांवच्या अधिकारपदांवर बसण्याचा हक्क असलेला कुटुंबप्रमुख. जन्मस्थानासाठीं ‘नातुराल’ हा शब्द निराळा. त्यामुळें एकच मनुष्य एका गांवचा नातुराल व दुसऱ्या गांवचा बेथीनो असा लिहिलेला आढळतो. तात्पुरता आलेला तो ‘एस्तान्ते’. वाचकांस येथें आपल्याकडील मिरासदार व उपरी आठवतील. परंतु साम्य फार ताणूं नये. मिरास जमिनीशीं निगडित, तर बेथीनोपण नगरसभा नवागतासहि देत असे.

लोकसंख्येच्या हिशेबांत तर हा शब्द फारच फसवितो. १५९१ सालच्या कास्तिलच्या गणतींतील आंकडे बेथीनोंचे, माणसांचे नव्हेत. अभ्यासक एका बेथीनोमागें साधारणतः चार ते पांच माणसें धरतात; म्हणजे १,००० बेथीनोंचें गांव ४,००० ते ५,००० वस्तीचें. कांहीं याद्यांत विधवा अर्धा बेथीनो म्हणून मोजली आहे!

१८१२ च्या कादिस येथील राज्यघटनेनें ‘सिउदादानो’, म्हणजे नागरिक, या शब्दास मान दिला. तरी नागरिक होण्यास राज्यांतील कोणत्या तरी गांवीं ‘आबेथिन्दादो’, म्हणजे बेथीनो होऊन राहिलेला, असणें तिनें आवश्यकच ठेविलें.

पोर्तुगीजांतील ‘विझीन्यो’ हा याचा सख्खा भाऊ, व जुन्या पोर्तुगीज कागदांत तोहि या अर्थानें येतो. तेव्हां गोव्याकडील दप्तरें चाळणारांनीं सावध असावें. आमच्या भाषांतरांतील ‘शेजारी’ खोडून तेथें आम्हीं मूळ शब्दच ठेविला आहे.